काका, कॅनडातली गुरं आणि एक सदरा

अख्ख्या लालबागमध्ये खरी थंडी सोसलेला एकच माणूस होता, आणि तो म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. लालबागला थंडी पडत नाही, ही बाब काकांनी शेवटपर्यंत मनावर घेतली नाही. डिसेंबरात चाळ मफलर गुंडाळून खोकायला लागली की काका उघड्या अंगानं गॅलरीत येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे कीव आल्यासारखे बघत. नुसते मिशीवरून हात फिरवत. मग कोणीतरी नवखा विचारी की मिशीला काय झालं, आणि पुढचा तासभर तो बिचारा कॅनडात जाऊन पडे. मिशीवर श्वास गोठून खडीसाखर कशी धरते, पहाटे कुऱ्हाडीनं डोणीतला बर्फ फोडला नाही तर शेकडो गुरं पाण्यापुढे तहानलेली कशी उभी राहतात, वादळात गाईच्या नाकपुड्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला की तो हातानं कसा काढायचा, नाहीतर ती उभ्या उभ्या कशी गुदमरते, हे सगळं ते इतक्या बारकाईनं सांगत की ऐकणारा घाम पुसता पुसता शहारून जाई.

काका तरुणपणी बोटीवर खलाशी होते. कुठल्याशा बंदरात उतरले ते परत बोटीवर चढलेच नाहीत. आगगाडीनं आत आत जात राहिले आणि जिथं गवताला शेवटच नाही अशा मुलखात गुरं राखायच्या कामाला लागले. केस पिकल्यावर परत आले. परदेशात राहून आलेला माणूस म्हणून चाळीनं त्यांच्याकडून बरीच आशा धरली होती, पण ट्रंकेतून निघाला एक जाडजूड लोकरी कोट, आणि त्यालाही शेणाचा वास. माझ्या आजीनं कपाळाला हात लावला. गुरांमागे फिरायला लागू नये म्हणून कोकणातली माणसं पोरांना मुंबईला धाडतात, आणि हे महाशय मुंबई ओलांडून, समुद्र ओलांडून, तिकडे जाऊन गुरंच राखून आले. "गुरां काय आपल्या गावात नाय होती?" असं तिनं विचारलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "होती. पण तेंका माझी गरज नव्हती." पुढे त्यांनी परळच्या एका तबेल्यात म्हशींची देखभाल पत्करली आणि आजीनं हा विषय कायमचा सोडून दिला.

माणसांना वागवायची काकांची रीत तबेल्यातलीच होती. नळावर भांडण पेटलं की ते मध्ये पडत नसत, बाजूला जाऊन हळू आवाजात हुं हुं करत राहत, आणि खरोखरच बायका गप्प होत. लंगडणाऱ्याला कुठल्या खुब्यात दुखतंय हे ते जिन्यावरच्या पावलांवरून सांगत. त्यांचं म्हणणं असं, की गर्दीला मागून कधी रेटू नये, खांद्याच्या अंगानं उभं राहावं, म्हणजे ती आपणच चालते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस होते. एका सभेवर लाठीमार झाला आणि माणसं उधळून आमच्या बोळात घुसली. बोळ पुढे बंद. तिथं चेंगराचेंगरी ठरलेलीच होती. काका कोपऱ्यावर आडवे हात पसरून उभे राहिले, त्यांच्या त्या हुंकारासकट, आणि लोंढा वळून मोठ्या रस्त्याला लागला. चाळीनं कौतुक केलं तर म्हणाले, गुरांपेक्षा माणसं सोपी, लाथ मारत नाहीत.

काका एकटे. दोन्ही वेळचं जेवण आमच्याच मजल्यावरच्या मावशींच्या खानावळीत. मावशी म्हणजे मालवणाकडच्या विधवा बाई. आठदहा गिरणी कामगारांना त्या जेवू घालत, आणि त्यांचा एकुलता एक मुलगाही गिरणीतच होता. पानावर बसलं की काकांना हमखास एक गोष्ट आठवे. तिकडे हिवाळा सरता सरता गाई वितात. थंडीनं एखादीचं वासरू मरतं, आणि दुसरीकडे एखाद्या वासराची आई मेलेली असते. मग मेलेल्या वासराचं कातडं काढून ते त्या पोरक्या वासराच्या पाठीवर बांधायचं. गाय वास घेते, आपलंच म्हणते आणि पाजते. "दोन जीव वाचतात," असं काका बोटं वर करून सांगत. तबेल्यात मात्र म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून तिच्यापुढे पेंढा भरलेलं पारडू ठेवत. त्यावरून मालकाशी काकांचं रोजचं वाजे. फसवायचंच तर तिच्यापुढे काही जिवंत तरी ठेवा, असं त्यांचं म्हणणं. मावशी आमटी वाढता वाढता ही गोष्ट ऐकत आणि म्हणत, भाऊ, आता भात खावा, गार होता.

मग चळवळीच्या मोर्चावर पोलिसांचा तो गोळीबार झाला. मावशींचा मुलगा घोषणा द्यायला नेहमी पुढे असायचा. त्या संध्याकाळी मोर्चाला म्हणून गेला, तो चादरीखाली झाकून परत आणला. चाळीत त्या दिवशी कोणाची चूल पेटली नाही, आणि मावशींची तर त्यानंतर पेटलीच नाही. खानावळ बंद झाली. शेजारणी ताट नेत, ते तसंच परत येई. बाई वाळत चालली होती, आणि ती अशानं जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. मुलानं आदल्या दिवशी घातलेला निळा सदरा खुंटीला होता. दिवेलागणीला त्या तो काढून तोंडाशी धरत आणि पुन्हा नीट अडकवून ठेवत. त्या वेळी आम्ही त्यांच्या दाराकडे बघायचं टाळत असू.

काकांनी मात्र बघितलं. दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं आणि औषधही. खानावळीत जेवणारा एक पोरगा होता, दापोलीकडचा, आईबाप लहानपणीच गेलेले, गिरणीत बदली कामगार, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम. खानावळ बंद झाल्यापासून तो चणेकुरमुऱ्यांवर दिवस काढत होता. एके दिवशी मावशी नळावर गेल्या असताना काकांनी त्याला त्यांच्या खोलीत नेलं, खुंटीवरचा सदरा त्याच्या अंगात घातला आणि दाराकडे पाठ करून बसवलं. मी गॅलरीतच होतो. काय चाललंय ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मावशी कळशी घेऊन आल्यासुद्धा.

उंबऱ्यावर त्या थांबल्या. कळशी खाली ठेवली. हळूहळू त्या पोराच्या मागे गेल्या आणि वाकून त्यांनी खांद्यापाशी वास घेतला. दाराशी काका श्वास रोखून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी आशा मी कधी पाहिली नव्हती. मावशी सरळ झाल्या. त्यांनाही ती गोष्ट पाठ होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी म्हस न्हय. माका कळता, हो माझो न्हय."

काकांची मान खाली गेली. पोरगा तर रडायच्या घाईला आला होता, त्याला बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी.

"आणि तेका भूक लागली हा, तांय माका कळता. सदरो काढ आधी. मगे जेवक बस."

त्यांनी चूल पेटवली. पेज केली, त्याला वाढली, आणि तो खातो का ते बघत बघत दोन घास स्वतःही गिळले. काकांना आनंद आवरेना. चाळभर सांगत सुटले की जमलं, थोडं निराळ्या तऱ्हेनं पण जमलं. आम्हीही त्यांच्या पाठीवर थाप मारली. कारण बाई वाचली होती, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या दारापुढच्या दोरीवर तो निळा सदरा वाळत होता. आईनं सांगितलं, मावशींनी दिवेलागणीला नेहमीसारखा सदरा तोंडाशी धरला, तर त्याला त्या पोराच्या घामाचा वास. आपल्या मुलाचा वास कुठं राहिलाय का म्हणून त्यांनी कॉलर पाहिली, काखा पाहिल्या, बाह्या उलट्या करून पाहिल्या. मग बालदीत भिजत घातला.

काका गॅलरीत त्या सदऱ्यापुढे पुष्कळ वेळ उभे होते. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाय इसारता रे. म्हणान तिकडे जमता तां."

खानावळ पुन्हा सुरू झाली. दापोलीचा पोरगा तिथला घरचाच झाला. मावशी त्याच्यावर ओरडत, आजारपणात त्याच्या उशाशी बसत, पण त्याला मुलाच्या नावानं त्यांनी चुकूनही हाक मारली नाही. काका नेहमीच्या जागी जेवायला बसत आणि निमूट जेवत. कॅनडाची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून निघेना. पूर्वी ज्या गोष्टींना आम्ही कंटाळून पळायचो, त्या काकांनी पुन्हा सांगाव्यात म्हणून आम्हीच मिशीचा विषय काढून पाहिला. काका नुसते हसत.

पुढे महाराष्ट्र राज्य आलं. त्या दिवशी चाळीवर तोरणं होती, खाली लेझीम आणि गुलाल, दापोलीचा पोरगा नाचणाऱ्यांत सगळ्यांत पुढे. वर गॅलरीत मावशी एकट्या बसल्या होत्या. काका पेढे घेऊन गेले. एक त्यांना दिला, एक स्वतः घेतला आणि शेजारी टेकले. मी पलीकडे कठड्याला रेलून खाली बघत होतो.

"मी तो सदरो धुवक नको होतो, भाऊ," मावशी म्हणाल्या. "वास गेलोच होतो. पण धुवक नको होतो."

खाली आरोळी उठली, गुलाल वरपर्यंत आला, आणि दोघंही हातात पेढा धरून तशीच बसून राहिली. कोणीच खाल्ला नाही.