विमानाचं एक भोक

चांद्याच्या बाजारात माह्यं टिनाचं दुकान होतं. बादल्या, डबे, कंदील, ज्याले भोक पडलं ते माह्याकडे येई. मी तापट माणूस. गळकं भांडं दुकानातून तसंच परत गेलं तर मले जेवण जात नसे.

एक दिवस फौजेतले एक साहेब आले. लढाईच्या वेळचं एक विमान एटापल्लीकडं धानाच्या बांधीत पडून होतं, ते त्यायले संग्रहालयात ठेवायचं होतं. मले घेऊन निघाले. वाटेत त्यायनं सांगितलं, त्यायचा धाकटा भाऊ हेच विमान उडवे. ब्रह्मदेशात गोळ्या लागल्या, तरी त्यानं विमान तळावर परत आणलं, अन् उतरल्यावर जीव सोडला. पुढं दुसरा कोणी ते दुरुस्तीले नेत होता, तं इंजिन बंद पडून त्या बांधीत उतरलं.

"त्याचं म्हणून एवढंच उरलंय," साहेब म्हणाले. "मिस्त्री, फक्त माती काढा. बाकी आहे तसं राहू द्या." अन् पंधरा दिवसांनी येतो म्हणून गेले.

माती निघाली तशी भोकं दिसली. अठरा. आता गिऱ्हाईक असंच बोलते. थोडंसं करा म्हणते, अन् चांगलं करून दिलं की खूश होते. अन् हे तं त्यायच्या मेलेल्या भावाचं. लोकं पाहायले येतील अन् विमान चाळणी झालेलं? माह्यं मन मानेना.

बांधीचा मालक रोज येऊन बसे. "काऊन मिस्त्रीभाऊ, उडवता का आता?"

"तुले पुढं बसवून उडवतो," मी म्हणो.

जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, जुन्या पराती कापल्या. फाटक्या कडा कानशीनं साफ केल्या, ठिगळं ठोकली, घासली, रंग मारला. बोट फिरवलं तं लागत नव्हतं. इतकं देखणं काम मी कधी केलं नव्हतं.

साहेब आले. पायलटच्या जागेखालच्या पत्र्यावर त्यायचा हात फिरून राह्यला होता.

"इथं तीन होती. त्याच्या सोबत्यांनी पत्रात लिहिलं होतं."

"दिसतात का, साहेब?" मी हसत म्हणलं.

ते मटकन बांधीच्या धुऱ्यावर बसले. तेव्हा मले समजलं. मी छन्नी उचलली. "आता काढतो सगळं."

"नको," ते हळूच म्हणाले. "आता काढली तर ती तुमची भोकं होतील."

मले रडू आलं. मग जे कोणालेच सांगणार नव्हतो, ते सांगितलं. "साहेब, एक राह्यलं. शेपटीखाली. आतून हात पोचला नाई, म्हणून मेण भरून वरून रंग लावला. कामात चोरी केली मी."

ते उठले. शेपटीखाली वाकून नखानं मेण कोरलं. फाटकी कड जशीच्या तशी निघाली. त्यात त्यायनं करंगळी घातली अन् लई वेळ तसेच उभे राह्यले. मग माह्याकडं वळून त्यायनं माहे दोन्ही हात धरले.