संत्र्याची साल आणि रिकामा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतोय? परवा इथं लातुरात मेहुण्यानं एका नव्या हॉटेलात माझ्यासाठी हौसेनं कॉकटेल मागवलं. बसका ग्लास, बर्फाचा मोठा खडा, व्हिस्की, वर संत्र्याची साल. तो वास आला आणि मी थेट नांदेडला जाऊन पोचलो.

नांदेडला आमचं बी-बियाण्याचं दुकान होतं. दादा, म्हणजे माझे वडील, मूळचे लोह्याकडचे शेतकरी; घरात दारूचं नावही निघायचं नाही. शेजारी मुनीरच्या अब्बांचं अत्तर-जडीबुटीचं दुकान. मुनीर माझ्याच वयाचा. त्याला काळ्यापांढऱ्या इंग्रजी सिनेमांचा नाद. हैदराबादला माल आणायला गेला की जुन्या सीडी घेऊन यायचा. असल्या गुन्हेगारीच्या सिनेमांना नॉयर म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आम्ही आपले नायकाच्या हॅटवरून त्यांना 'टोपीवाले सिनेमे' म्हणायचो. उन्हाळ्यात दुपारी बाजार मिटला की आमच्या दुकानाच्या माडीवर, खिडकीला पोती लावून, कूलरच्या खडखडाटात ते बघायचे. पडद्यावर जिकडंतिकडं ओले रस्ते, आणि बाहेर नांदेडचं ऊन! निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं. पण टोपीवाला शेवटी फसणार हे पहिल्यापासून कळायचं — आणि तरी तो कसा शांतपणे सिगारेट पेटवायचा! आम्हाला त्याचं केवढं अप्रूप.

टोपीवाला पितो ते व्हिस्कीचं कॉकटेल आपणही प्यावं, ही हौस माझी. नीट ऐका — माझी. मुनीर दारूला शिवत नव्हता. बाटली मी आणायचो, पोत्यांमागं मीच लपवायचो. त्या कॉकटेलात म्हणे कसला तरी कडू अर्क लागतो. तो नांदेडात कुठून मिळणार? मुनीरनं दुकानातलं काडेचिराईत आणि दालचिनी उकळून दिली आणि मी तोंड वाकडं केल्यावर पोट धरून हसला. स्वतःसाठी तो तशाच ग्लासात अनंतमुळाचं सरबत घ्यायचा. त्यातही संत्र्याची साल, टोपीवाल्याचा मान म्हणून. तसल्या दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

बघा, मी अजून रेंगाळतोच आहे. किती टाळणार?

एका दुपारी दादा अचानक माडीवर आले. मुनीर नुकताच नमाजाला गेला होता. बाटली उघडी, ग्लास दोन, दोन्हींत साली. दादांनी एवढंच विचारलं, "कुणाची हाय ही?"

मी म्हणालो, "मुनीरची."

अडखळलोही नाही. तो मशिदीत होता — आणि मी त्याच्या नावावर दारूची बाटली ठेवली. मार पडला असता का? दादांनी मला उभ्या जन्मात बोटही लावलं नव्हतं. मला फक्त त्यांच्या नजरेत चांगला मुलगा राहायचं होतं.

पुढं रमजान ईद आली. दरवर्षी मुनीरच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, आणि आई त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून परत द्यायची. रिकामा डबा कुणाच्या दारी पाठवायचा नाही, ही आमच्याकडची रीतच आहे. त्या वर्षी आईनं लाडवांना हात घातला तसे दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तसाच जाऊ दे." तो डबा कुणी नेला? मीच. मुनीरनं झाकण उघडलं, आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"काका नाराज हैं क्या रे मेरेसे?"

मी म्हणालो, गडबडीत राहिलं. त्यानं ते खरं मानलं.

नंतर दादांनी शेजारधर्म म्हणून अब्बांच्या कानावर घातलं. अब्बा तापट. मुनीरला त्यांनी हैदराबादला मामाच्या दुकानी धाडलं, सिनेमे-बिनेमे बंद. निघायच्या दिवशी तो सीडींचं खोकं माझ्या हातात देऊन गेला. जाता जाता खाली बघत म्हणाला, "मैं अब्बा को कुछ नै बोला." म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. मार खाल्ला, गाव सुटलं, आणि माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी खोकं घेतलं आणि मान डोलावली.

हैदराबाद काय लांब आहे? रोज गाड्या जातात. मी कधी गेलो नाही. खोकं लातूरच्या घरी माळ्यावर आहे. परवाचं कॉकटेल मात्र मी चवीनं संपवलं, हेही सांगून टाकतो.

दादा शेवटी आजारी होते तेव्हा मी त्यांचे पाय दाबत बसायचो. एकदा म्हणाले, "त्या मुनीरच्या संगतीत ऱ्हाऊनबी तू बिघडला न्हाईस. लई समाधान हाय मला."

मी म्हणालो, "हाव, दादा." आणि पाय दाबत राहिलो.