दुखणं खाली, पट्टा वर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण लाजेपायी मी स्वतःच्याच दुखण्याचा पत्ता चुकीचा दिला, तोही तीन महिने!

मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. उलट्या क्रेटवर बसायचं आणि घडातले खराब मणी कात्रीने काढायचे. बसून बसून उजव्या कुल्ल्यात अशी कळ यायला लागली, की थेट पोटरीपर्यंत! मोठा हंगाम चार महिन्यांवर आलेला. बसताच आलं नाही तर माझी जागा दुसरीला जाणार!

डॉक्टरांकडे गेले. पुरुष माणूस, त्यात ह्यांच्या ओळखीचे.

"कुठं दुखतंय वहिनी?"

आता तुम्हीच सांगा, तिथं हात कसा लावू? मी आपला कमरेवर ठेवला.

झालं! कमरेचा एक्स-रे. कमरेला पट्टा. जाऊबाई रोज कमरेला मलम चोळायच्या. "इथंच ना गं?" "हो, तिथंच!" वर आणखी, "किती बरं वाटतंय!" ह्यांनी तर गादी काढून मला सतरंजीवर झोपवलं. आता फरशीला आधी काय टेकतं, सांगा बरं!

शेवटी ह्यांनी स्कूटरवर घालून नाशकात फिजिओथेरपीला नेलं. डॉक्टर मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने ह्यांना बाहेर बसवलं.

"मावशी, एका बोटाने दाखवा."

तरी लाज सुटेना! कोपऱ्यात हाडांचा सापळा उभा होता. मी त्याच्या मागच्या बाजूला बोट धरलं.

"मावशी, तिथं नुसती हवा आहे!"

"अगं, मांस असतं तर त्याला तिथंच दुखलं असतं."

ती पोट धरून हसली. मग शांतपणे समजावलं, "कुल्ल्यात मोठा स्नायू असतो, जिना चढतो ना आपण, तो त्याच्याच जोरावर. त्याच्या आत एक लहान स्नायू, आणि त्याखालून पायात जाणारी जाड नस. तुम्ही क्रेटवर एकीकडे कलून बसत असणार. हा लहान स्नायू आखडला, की नस दाबतो. इथं ना?"

असा नेमका अंगठा रुतवला म्हणता!

"आई गंऽऽ! कुल्ला! कंबर नाही गं बाई, कुल्लाच! तीन महिने कुल्लाच दुखतोय!"

तिने चार व्यायाम दिले, क्रेटवर जाड उशी घ्यायला सांगितली. अख्खा हंगाम मी माझ्या जागेवर बसून काढला. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही. ह्यांचेही नाही. इतके हेलपाटे मारले, पण एका शब्दाने बोलले नाहीत.

त्या दिवशी मात्र मी बाहेर आले, तर सगळा बाक छताकडे बघत बसलेला. हे माझ्या चपला शोधण्यात गुंग. एक आजोबा चटकन उठले.

"बसा ताई."

मग थबकले, माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "का उभ्याच बऱ्या?"