चौथ्या चौकटीचं पाणी

एसटीत तिकीट तपासायला कोणी चढलं की पातेरासाहेबांच्या खिशातून आधी धावड्याचं वाळकं पान निघायचं, मग सालईचं, मग पळसाचा अर्धा तुकडा, आणि गाडी मोशीच्या पुढं गेली की तिकीट. एकदा एक तपासनीस कंटाळून म्हणाला, "राहू द्या साहेब, पानालाच भोक पाडतो." साहेबांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. त्यांनी त्या कोटाबद्दल नियमच करून टाकला होता. "ह्यांचा कोट धुवायचा नसतो," त्या म्हणत, "झाडायचा असतो."

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्याच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या, आणि आमच्या चाकणकडं साहेब म्हटला की तो रस्ता मोजायला किंवा जमीन मोजायला आलेला असायचा. हे साहेब पातेरा मोजायला आले. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला वाळका पाला. चाकणच्या पश्चिमेला भामा नदीच्या अंगाला जे रुखेसुखे डोंगर आहेत, तिथल्या जंगलात त्यांनी सहा चौकटी आखल्या आणि खाली एक पत्र्याची शेड टाकली. मी सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, रोजंदारीवर. पाणी वाहायला आणि सामान सांभाळायला मला ठेवलं.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. पाला कुजतो म्हणजे जळतोच, फक्त ज्वाळा नाही आणि धूर नाही. झाडानं हवेतून घेतलेला कोळसा तो सावकाश हवेला परत देतो. "पण ओल लागते, नामदेव," ते म्हणायचे. "ओल नसली की ही चूल विझलेली. मला एवढंच बघायचंय की किती ओलीवर ती किती जळते." म्हणून तीन चौकटींना एक दिवसाआड मोजून दोन दोन डबे पाणी घालायचं आणि उरलेल्या तिन्हींना थेंबही नाही. मग प्रत्येक चौकटीत काचेच्या बशीत कॉस्टिक सोड्याचं पाणी ठेवायचं, वर पत्र्याचा डबा पालथा घालायचा. रातदिवसात पाला जो वायू सोडेल तो त्या सोड्यात मुरायचा. दुसऱ्या दिवशी बशा झाकून शेडमध्ये आणायचं काम माझं. साहेब त्यात गुलाबी रंग घालून तो उडेपर्यंत रेघा आखलेल्या काचेच्या नळीतून आम्लाचे थेंब सोडत बसायचे. जितके थेंब कमी, तितका पाल्यानं वायू जास्त सोडलेला.

थेंब चालू असताना शेडमध्ये श्वास घ्यायची चोरी होती. माणूस तोंडातून सोडतो तोही तोच वायू. "तूही एक पालाच आहेस, तोंड तिकडं कर," असं म्हणून ते मला दाराकडं वळवायचे, आणि स्वतः श्वास इतका वेळ धरून ठेवायचे की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. एकदा नेमकी मला शिंक आली. साहेबांनी शांतपणे बशी बाहेर ओतली आणि वहीत लिहिलं, "नमुना तीन: नामदेवची शिंक."

वाडीतली सखूबाई राबासाठी पातेरा गोळा करायची. भाताचं रोप टाकायच्या जागी पाला जाळतात तो राब. एका सकाळी तिनं दुसरी चौकट झाडूनपुसून स्वच्छ केली. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "आजी, तो पाला मी मोजत होतो."

"व्हय?" सखूबाई म्हणाली. "मंग मोजायचा की बिगीबिगी. आमी का न्हाई म्हनलं? तुमी मोजताय, आमी जाळतोय. शेवटी जातोय वरच न्हवं?"

ती गेल्यावर साहेब मला म्हणाले, "माझा सगळा अहवाल या बाईनं एका वाक्यात सांगितला. आता सरकारला काय पाठवू?"

आता वैशाखातली ती गोष्ट. वीस वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. साहेब काही कागदांसाठी खेडला कचेरीत गेले होते आणि चौकटींचं सगळं काम माझ्यावर सोपवून गेले होते. शेजारच्या गावची जत्रा होती, दुपारी कुस्त्या होत्या. कारण एवढंच. घरात कोणी आजारी नव्हतं. मी कावडीला दोन डबे लावून निघालो. ओल्या चौकटी वरच्या टप्प्यावर, आणि तीन खेपा करायच्या. पहिल्याच खेपेला उन्हानं आणि कुस्त्यांच्या ओढीनं माझे पाय थांबले. डबे जमिनीवर रिते केले असते तर एवढं बिघडलं नसतं. पण उन्हाळ्यात विहिरीतून वर काढलेलं पाणी उघड्या जमिनीवर ओतणं आमच्याकडं पाप मानतात. तेवढं पाप मला नको होतं. म्हणून मी ते वाटेत लागलेल्या चौथ्या चौकटीच्या पाल्यावर ओतलं. चौथी चौकट कोरडी ठेवायची होती. उरलेल्या खेपा केल्याच नाहीत. सहाही ठिकाणी बशा मांडल्या, डबे पालथे घातले आणि जत्रेला गेलो.

दुसऱ्या दिवशी चौथ्या बशीचा गुलाबी रंग चार-सहा थेंबांतच उडाला. कोरड्या चौकटीनं ओल्या चौकटींच्या आजवरच्या सगळ्या आकड्यांना मागं टाकलं होतं. साहेबांनी बशी दाराच्या उजेडात नेऊन पाहिली. मग विचारलं, "चार नंबरला काही झालं का रे?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो.

पिंपरीच्या कारखान्यात माणसं घेणार होते आणि साहेब मला चिठ्ठी देणार होते. ते माझ्या डोक्यात होतं, हेही आज लिहितो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सोड्याचं सगळं पाणी ओतून दिलं, आम्ल नवं केलं, नळी चार वेळा धुतली. वहीत तो आकडा खोडला आणि पुढं लिहिलं, "चूक माझी." त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. नळीवरची रेघ वाचताना ते मला बोलवायला लागले. "तू बघ रे, माझी नजर आता खात्रीची नाही." मी बघायचो आणि आकडा सांगायचो. ते तो लिहून घ्यायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची बदली झाली. जाताना चिठ्ठी दिली. "हा मनुष्य मापाला पक्का आहे." त्या एका ओळीवर मला नोकरी लागली, तीही माल मापून पास-नापास करायच्या खात्यात. हाताखालची पोरं मला वचकून असतात. नामदेवभाऊ सुताचा फरक सोडत नाहीत, म्हणतात.

निवृत्तीनंतर साहेब चिंचवडला राहायला आले आहेत असं कळलं. कळल्यावरही दोन वर्षं मी चिंचवडकडं सायकल वळवली नाही. शेवटी गेल्या दिवाळीनंतर गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं, मान खाली घालून. मी वर पाहिलं तर साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"कुस्ती कुणी मारली?" त्यांनी विचारलं.

मी पैलवानाचं नाव सांगितलं आणि डावही.

"अगं, ऐकलंस का," ते आत बघून म्हणाले, "माझा हात बरोबर होता." मग माझ्याकडं वळले. "गाढवा, रोज ओल असणाऱ्या पाल्यापेक्षा पार वाळलेल्याला एकदम पाणी मिळालं की तो जास्त सोडतो. ते तू मला दाखवलं होतंस. आणि मी ते खोडलं." त्यांनी कपाटातून ती जुनी वही काढली, खोडलेल्या आकड्याशेजारी पेन्सिल टेकवली. "हं, सांग. दोन्ही डबे भरलेले होते का? चढावर हिंदकळून किती सांडलं? ओतलंस किती वाजता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. चहा निवला. पहिला डबा भरलेला होता, हे नक्की. दुसऱ्याचं काही केल्या आठवेना.

"अंदाजे सांगू का साहेब?"

"नको," ते म्हणाले. "अंदाजे नको."

त्यांनी "पाणी" असा शब्द लिहिला, पुढं जागा मोकळी ठेवली आणि वही मिटली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आठवलं की कार्ड टाक."

माघात साहेब गेले. दिवसकार्याला गेलो तेव्हा वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमच्यासाठी ठेवायला सांगून गेलेत. तेवढं एक भरायचं राहिलंय म्हणाले."

वही माझ्याजवळ आहे. दुसरा डबा मला अजून आठवलेला नाही.