रुमालाखालचा आकडा

"वानगी कुठे बघायची?" आण्णांनी विचारलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

हॅनोव्हरमधलं आमचं स्वयंपाकघर, टेबलावर लॅपटॉप, आणि शेजारच्या खुर्चीवर मांडी घालून बसलेले माझे वडील. उन्हाळाभर ते आमच्याकडे राहायला आले होते. सांगलीच्या पेठेत त्यांची हळदीची अडत होती. पोत्यात हात घालून हळकुंड काढायचं, मोडून बघायचं, वास घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचं, यात सगळा जन्म गेलेला. आणि मी त्यांना सांगत होते की इथे गहू, तेल, चांदी घरबसल्या इंटरनेटवर घेता-विकता येतं, माल बघायचाच नसतो.

"न बघता? मग घेतलं काय?"

"भाव वर जाणार की खाली, तेवढंच. माल घरी येतच नाही."

"अगं बाई!" म्हणाले, आणि चष्मा पुसून स्क्रीनच्या आणखी जवळ सरकले.

मला त्या तेला-चांदीचं काय कौतुक असणार! लहानपणी मी पेठेत त्यांचा डबा घेऊन जायचे. आण्णा आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचे, आजूबाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून. ती बोटांची भाषा त्यांनी भावाला शिकवली. मी मागे लागले की म्हणायचे, "तुला काय करायचंय त्याचं?" भाऊ पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये गेला, अडत बंद झाली, माझा राग मात्र जागच्या जागी. एकदा तरी त्यांनी मला व्यापारातलं काही विचारावं, एवढंच हवं होतं मला.

आमच्या ह्यांनी "सट्टा म्हणतात त्याला" असं म्हणून अंग काढून घेतलं होतं. मी हट्टाने तीन कंपन्यांची डेमो खाती उघडली. त्यात पैसे खोटे, भाव खरे. मला पहिली कंपनी पसंत होती. रंगीत आलेख, फी सगळ्यात कमी. आण्णांनी फीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"अडत्या कसा निवडतात माहितीये? भाव कोसळेल त्या दिवशी त्याच्या दुकानावर जायचं. गादीवर बसलेला दिसला तर तो आपला. शेठ गावाला गेलेत म्हणाले, की चपला घालायच्या."

"अहो आण्णा, इथे गादी कुठून आणू?"

"फोन असेल की."

झालं! तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी प्रश्न, "पडला का?" मलाही चटक लागली. दूध तापवतानासुद्धा माझा एक डोळा तेलाच्या भावावर.

आणि एका दुपारी तेल धाडकन पडलं. मी फोन स्पीकरवर टाकला. पहिल्या कंपनीत नुसतं संगीत, संपता संपेना. दुसरीची साइटच उघडेना, फोन तर कोणी उचललाच नाही. तिसरीकडे एका बाईंनी उचलला. आल्झो, म्हणजे तर मग, मी जर्मनमध्ये म्हटलं, आत्ता विकता येईल का? त्या म्हणाल्या, येईल, पण आत्ता घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात फार अंतर पडलंय, घाई नसेल तर थांबा. मग मला राहवेना. गव्हाची वानगी बघायला मिळते का, तेही विचारून टाकलं. बाई खळखळून हसल्या. नाही हो, म्हणाल्या, पण आम्हाला हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

आण्णांना जर्मनचं अक्षर कळत नव्हतं. कान देऊन ऐकत होते. "ही बसलीय गादीवर," ते म्हणाले.

"मग हीच धरायची ना?"

आण्णा उठले, भांडी पुसायचा टॉवेल घेतला, आपल्या उजव्या हातावर पसरला. "हात दे."

"वास माख्ट ईअर दा?" काय चाललंय तुमचं, असं माझ्या लेकीने गृहपाठातून मान वर करून विचारलं. टॉवेलखाली त्यांनी माझी काही बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा धरली.

"काय?" मी म्हटलं.

"मी माझा आकडा सांगितला. आता तू तुझा सांग."

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते विचारलं होतं, आणि मला एक खूण येत नव्हती.

"मला शिकवलंच नाहीत तुम्ही, आण्णा."

त्यांनी हात काढून घेतला नाही. मग माझं एकच बोट धरून म्हणाले, "हा एक."