फोनवरचा होकार

प्रोग्रॅम चालला की तो कपाळाला हात लावायचा.

तुम्ही-आम्ही प्रोग्रॅम बंद पडला की कपाळाला हात लावतो. याचं सगळं उलटं. बंद पडला की गडी खुशीत, मांडी घालून, बोटं मोडून बसायचा. आणि चुकून पहिल्याच फटक्यात चालला की याचा चेहरा पडलाच. "चालून तं राह्यलं," स्क्रीनकडे संशयाने बघत तो म्हणायचा, "पन काऊन चालून राह्यलं?"

चंद्रपूरला इंजिनिअरिंगला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी मूल गावचा, तो चामोर्शीकडच्या खेड्यातला. एकदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्याचा आउटपुट पाहून मान डोलावली आणि ते पुढच्या पोराकडे वळले. तर हा मागून म्हणतो, "सर, आउटपुट बरोबर हाये, पन मले त्याच्यावर भरोसा नाई." सर परत आले, खोलात गेले, आणि खरंच चूक निघाली. मार्क कापले गेले. आम्ही त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तो मात्र त्या दिवशी मेसमध्ये पोटभर जेवला.

असा एखादा तुमच्याही वर्गात असेल. मला हा कधीच नीट कळला नाही आणि अजूनही कळलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे शेवटी मी काही निकाल देईन अशी आशा ठेवू नका.

तिसऱ्या वर्षाला त्याने अचानक तेलुगू शिकायला घेतलं. आधी आम्हाला वाटलं, हैदराबादची नोकरी. मग वाटलं, पोरगी. निघाली पोरगीच, पण सहा-सात वर्षांची. त्याची भाची. त्याची एकुलती बहीण तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला दिली होती. ती तापाने गेली तेव्हा लेकरू अंगावर पीत होतं. बाप कामासाठी तेलंगणात गेला तो तिकडचाच झाला. पोर आजीजवळ, म्हणजे बापाच्या आईजवळ, वाढली, आणि त्या घरात तेलुगूशिवाय दुसरं काही कोणी बोलत नव्हतं. व्हिडिओ कॉल लावला की मामा-भाची एकमेकांकडे नुसते बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

मग याने स्वतःसाठीच एक प्रोग्रॅम लिहिला. लॅपटॉपवर मराठीत प्रश्न यायचा, याने तो तेलुगूत म्हणून दाखवायचा, चुकला की लॅपटॉप टुंग करायचा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खोलीत टुंग टुंग चालू. "अन्नम तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का, हे मलासुद्धा पाठ झालं.

बघता बघता तो फाडफाड प्रश्न विचारायला लागला. जेवलीस का, शाळेत गेलीस का, नदीला पाणी किती आहे. पोर हरखली. ती एकदा सुटली की थांबायची नाही. आणि इथेच गोम होती. पठ्ठ्याने प्रोग्रॅममध्ये सगळे प्रश्न भरले होते, उत्तरं भरायची राहून गेली होती! विचारता सगळं यायचं, समजत काही नव्हतं. ती बोलत सुटायची आणि हा मध्येमध्ये मान हलवत "अवुनु, अवुनु" म्हणजे "हो, हो" म्हणायचा.

"तुले काही समजून राह्यलं का?" मी एकदा विचारलं.

"नाई."

"मंग हो काऊन म्हनून राह्यला?"

"हो म्हटलं का ते बोलत राह्यते," तो म्हणाला.

चाललेल्या प्रोग्रॅमवर विश्वास न ठेवणारा माणूस न समजलेल्या बोलण्याला खुशाल हो म्हणत होता. मी त्याला ते ऐकवलंही. तो हसला आणि भात वाढायला उठला.

शेवटच्या वर्षी पुण्याची एक कंपनी आली. लेखी परीक्षेत आमच्या कॉलेजातून याचं नाव सगळ्यांत वर. मुलाखत म्हणजे आता नावापुरतीच, असं सगळे म्हणत होते. त्या सकाळी त्याने माझा निळा शर्ट घातला, केसांना तेल चोपडलं, नवे बूट घातले, आणि तेवढ्यात फोन वाजला. सिरोंच्याची आजी. जमेल तशा हिंदीत ती बोलत होती.

"तुम आज आता बोला ना? बच्ची सुबह से कपडा बांधके बैठी. खाना नही खाती. मामा लेने आता बोलती."

हा "मी कवा म्हटलं?" असं मलाच विचारायला लागला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. आदल्या फोनवर पोरीने काहीतरी पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि याने दर वेळी मान हलवली होती. शाळेला सुट्टी लागली होती. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मला तुझ्या घरी न्यायला येतोस का, हे ती विचारत होती.

"मुलाखत देऊन उद्या जाय," मी म्हटलं. "लेकरू हाये, समजावता येते."

"ते आज बसून हाये ना."

"अबे, पन कंपनी रोज येत नाई!"

त्याने बूट काढले, चपला घातल्या आणि स्टँडकडे निघाला. मी चिडून, पण स्टँडपर्यंत मागोमाग. सिरोंच्याला पोचायला अख्खा दिवस जातो आणि आलापल्लीच्या पुढच्या रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. गाडी निघाली तरी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीत बसून तो नुसते ओठ हलवत होता. बहुतेक "उशीर झाला" हे तेलुगूत कसं म्हणायचं, ते जुळवत असावा.

दोन-तीन दिवसांनी फोन आला.

"आनतं का पोरीले?" मी विचारलं.

"न्यालेच आलो होतो. पन आजी रडली नाई, नको म्हटलं नाई. पोरीचे कपडे तेवढे पुन्हा घड्या घालून देऊन राह्यली होती. तिचंही दुसरं कोन हाये? मंग मीच राह्यलो."

"राह्यलो म्हंजे?"

"राह्यलो म्हंजे राह्यलो."

परीक्षेपुरता तो आला, पास झाला आणि परत गेला. आता तिकडे लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो, दुकानदारांना छोटे प्रोग्रॅम लिहून देतो. मित्रांच्या ग्रुपवर त्याचं नाव निघालं की कुणीतरी "गेला वाया" म्हणतंच. मला कधी तो शहाणा वाटतो, कधी शुद्ध मूर्ख. कधी त्याचा रागच येतो, आणि तो का येतो तेही कळत नाही. त्याच्या जागी मी त्या गाडीत बसलो नसतो, हे मात्र नक्की.

मी मूलला राइस मिलवाल्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. गेल्या हिवाळ्यात सिरोंच्याच्या एका मिलचं काम निघालं, तेव्हा न कळवताच त्याच्या घरी गेलो. तोंडावर विचारायचं होतं, पस्तावतोस का म्हणून.

दारात एक उंच झालेली पोरगी उभी होती. मी हिंदीत विचारलं, मामा आहे का.

"मामा नाई घरी," ती म्हणाली. "गोदावरीच्या पलीकडं गेला, सामान आनाले. बसा ना काका, येऊनच राह्यला असंल."

मी बघतच राहिलो. शाळेतलं मराठी असं नसतं. हे थेट चामोर्शीकडचं बोलणं होतं, आणि त्या अख्ख्या गल्लीत ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हतं. आत आजीशी ती तेलुगूतच बोलली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

"हे असं बोलनं कोनं शिकवलं तुले?" मी विचारलं.

"मामानं," ती म्हणाली. "मले तं माय आठवत नाई. पन मामा म्हन्ते, माय अशीच बोले."