ईस्टरच्या पहाटेचं वाचन

मला याद्या करायची सवय आहे. दवाखान्यात वॉर्डाची इन्चार्ज म्हणून मी बरीच वर्षं काढली. तिथे कागदाशिवाय कुठलीच पाळी सुरू झाली नाही. गोंदियातल्या आमच्या लहानशा चर्चमध्येही ईस्टरची तयारी माझ्याकडेच आली, कारण एका वर्षी मी ती केली आणि चहा वेळेवर मिळाला.

आमच्याकडे ईस्टरची पहिली उपासना कबरस्तानात होते. शनिवारी कबरी धुवायच्या, चुना मारायचा, झेंडूच्या माळा घालायच्या. रविवारी उजाडायच्या सुमारास प्रत्येक घर आपापल्या माणसाच्या कबरीपाशी मेणबत्ती लावून उभं राहतं. मग एक जण बायबलमधल्या शुभवर्तमानातला तो भाग वाचतो, ज्यात बायका येशूच्या कबरीकडे जातात.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. त्या जानेवारीत माझे यजमान गेले. रेल्वेत नोकरी, धडधाकट माणूस, जेवून उठले आणि गेले. मी दवाखान्यातली बाई. मेलेलं माणूस कसं दिसतं ते मी रोज पाहत होते, आणि त्यापुढेही काही असेल यावरचा माझा विश्वास उडाला होता. हे मी कोणाजवळ बोलले नाही. मनाशी ठरवलं मात्र, की हा ईस्टर नीट पार पाडायचा आणि उपासना झाली की पास्टरसाहेबांना सांगायचं: काम दुसऱ्या कोणाकडे द्या, मी आता चर्चला येणार नाही. ‘प्रभू मरणातून उठला आहे’ असं तोंडाने म्हणत राहणं म्हणजे न तपासलेल्या रोग्याच्या कागदावर सही करण्यासारखं वाटत होतं. “उपासनेनंतर थोडं बोलायचंय,” असं त्यांना आदल्या दिवशी सांगूनही ठेवलं.

यादी करायला मन लागत नव्हतं. मागच्या वर्षीची समोर घेतली आणि उतरवून काढली. चुना, बादल्या, मेणबत्त्या, सतरंज्या, गाणी, नाश्त्याला तर्री-पोहे. प्रत्येक कामापुढे नाव. चर्चच्या दारावर चिकटवली. आठवडाभर ती तिथे होती आणि कोणी एका शब्दाने काही बोललं नाही.

रविवारी पहाटे सगळं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. माझ्या शेजारी गुड फ्रायडेलाच सौंदडहून आलेल्या मावशी होत्या. यजमानांच्या सख्ख्या मावशी. त्यांनीच यांना लहानाचं मोठं केलेलं. पहिलं गाणं झालं. पास्टरसाहेबांनी दारावरून काढून आणलेल्या यादीवर बॅटरी धरली आणि ते थांबले. मी जाऊन कागद पाहिला.

‘शुभवर्तमान वाचन’ या कामापुढे माझ्या यजमानांचं नाव होतं. माझ्याच अक्षरात. दर वर्षी वाचन तेच करायचे, आणि मी डोळे मिटून उतरवलं होतं.

मी तशीच मावशींजवळ परत आले. “मावशी, तुम्ही पाहिलं होतं हे?”

“पाहिलं ना. साऱ्यायनंच पाहिलं.”

“मग सांगितलं का नाही?”

“कायले सांगू? आमाले वाटलं, तू मुद्दाम लिवलं. म्हटलं, बाईचा विश्वास पाहा कसा पक्का! मानूस मातीत गेला, तरी ईस्टरच्या कामातून त्याले सुट्टी नाही!”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. शेवटी कबरस्तानभर हसू पसरलं, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदाच मीही हसले. पास्टरसाहेब रायपूरकडचे, हिंदीत बोलायचे. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. “दीदी, अब आप ही पढ़ दीजिए।”

मी वाचायला लागले. इतकी वर्षं ऐकलेला भाग, पण ऐकताना माझं अर्धं लक्ष नेहमी चहाकडे असायचं. त्या बायकांनी येशूच्या प्रेताला लावायला सुगंधी मसाले विकत घेतले होते. पहाटे उठल्या होत्या. वाटेत एकच चिंता, कबरीच्या दारावरचा धोंडा कोण सरकवणार? मला त्या एकदम ओळखीच्या वाटल्या. या तर आमच्यातल्याच! विश्वास ठेवून कोणी निघालीच नव्हती. प्रेताचं राहिलेलं काम नीट करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. सगळी तयारी मेलेल्या माणसासाठी. आणि तिथे गेल्या तर कबर रिकामी, कामच उरलं नव्हतं. मसाले हातात तसेच. तो उठल्याची बातमी सगळ्यांत आधी मिळाली ती त्यांनाच.

मला आजवर वाटायचं, तिथे विश्वास घेऊनच जायचं असतं. त्या तर सामान घेऊन गेल्या होत्या. तेवढं मलाही जमत होतं.

शेवटच्या ओळी वाचताना मावशींनी माझा पदर मागून धरून ठेवला. वाचन संपलं. पूर्वेकडे उजाडत होतं.

“मसीह जी उठा है!” पास्टरसाहेब म्हणाले.

आमची मंडळी निम्मी हिंदी, निम्मी मराठी. यावर मंडळीने द्यायचं उत्तर कधी एका सुरात येत नाही. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मी एकटीच मागे राहिले आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, “खरोखर उठला आहे.”

शंका सगळ्या गेल्या असं सांगणार नाही. पण ते म्हणताना मला खोटं वाटलं नाही. पुढ्यातल्या यजमानांच्या कबरीकडे पाहताना, हे इथे कायमचे नाहीत, असं मनात आलं, आणि मी ते खोडून काढायला गेले नाही.

नाश्त्याच्या वेळी पास्टरसाहेब प्लेट घेऊन जवळ आले. “दीदी, आपको कुछ बात करनी थी?”

“हो,” मी म्हटलं. “पुढच्या ईस्टरला वाचन मीच करणार. दुसऱ्या कोणाला देऊ नका.”

“बोलनं झालं असंल तं खाय आता,” मावशी पलीकडून ओरडल्या. “पोहे थंडे होऊन राहिले.”